आधी चालती, मग चमकती

तिशी ओलांडली, गृहकर्जाचे पहिले काही हप्ते सुरळीत गेले आणि बोनस हातात पडला, की आमच्या हिंजवडी-मारुंजी पट्ट्यातल्या इंजिनियर मंडळींना तीनपैकी एक रोग हमखास होतो. एक सायकलीचा, दुसरा मॅरेथॉनचा आणि तिसरा जुन्या गाडीचा. पहिले दोन वर्षभरात आपोआप बरे होतात. तिसरा मात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर पांघरून वर्षानुवर्षं पडून राहतो. आजचं लिखाण या तिसऱ्या रोग्यांसाठी.

मी स्वतः नऊ वर्षांपासूनचा रोगी आहे. माझ्याकडे साठच्या दशकातली दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड आहे, त्यामुळे ऑफिसात कुणाला जुनी गाडी घ्यायची हुक्की आली की तो कॉफी घेऊन माझ्या डेस्कपाशी येतो. प्रश्न ठरलेले. रंग कुठला ओरिजिनल? क्रोम कुठे करून मिळेल? सीटचं लेदर कुठे मिळतं? गाडी चालवायची कशी, दुरुस्त कोण करणार, पावसाळ्यात काय करायचं, हे जवळपास कुणीच विचारत नाही. माझं सगळं म्हणणं याच एका मुद्द्यावर आहे. जुनी गाडी आधी चालती करा आणि चालती ठेवा. चमकवायला पुढचं सगळं आयुष्य पडलंय.

आता "स्पोर्ट्स कार" या शब्दाबद्दल थोडंसं. आपल्याकडे लायसन्स राज होतं, तेव्हा खऱ्याखुऱ्या स्पोर्ट्स कार बनवण्याची चैन देशाला परवडणारी नव्हती. जुहूच्या धावपट्टीवर आणि मद्रासजवळच्या शोलावरमला शर्यती व्हायच्या, त्यात लोक आपल्या घरच्या फियाट आणि हेराल्डच उतरवायचे. संस्थानिकांच्या वाड्यांतून बाहेर पडलेल्या एमजी, जॅग्वार आहेत, पण त्यांच्या किमती ऐकल्या की आपला फ्लॅट स्वस्त वाटायला लागतो. नव्वदीच्या शेवटी गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची, उघड्या छपराची फायबर बॉडीची गाडी निघाली. इंजिन रेनॉचं, १.२ लिटरचं. गाडी गोंडस, पण विकली गेली मोजकीच, त्यामुळे काच किंवा दिवा फुटला तर शोधत बसावं लागतं.

राहता राहिली हेराल्ड. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीनं ती १९६१ पासून बनवली. इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डचं हे भारतीय रूप. डिझाइन इटलीच्या मिकेलोत्तीचं. ट्रायम्फनं याच हेराल्डची चासी आखूड करून १९६२ मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली आणि ती १९८० पर्यंत बनत होती. म्हणजे आपली हेराल्ड ही स्पिटफायरची थोरली बहीण. सख्खी! पूर्ण बोनेट पुढे उघडतं आणि इंजिनाच्या शेजारी चाकावर बसून काम करता येतं. अवघ्या २५ फुटांत वळते. तिच्याच निमित्तानं बोलतो, पण यातलं बरंचसं पद्मिनी, काँटेसा किंवा तुमच्या मनात असेल त्या गाडीलाही लागू आहे.

पहिला सल्ला. गाडी शोधायच्या आधी मिस्त्री शोधा. हो, आधी. कारण गाडी पैशानं मिळते, मिस्त्री मिळत नाही. पॉइंटचं इंजिन, कार्ब्युरेटर, डायनॅमो हे सगळं नुसत्या कानानं ओळखणारी माणसं आता साठी-सत्तरीत आहेत. माझ्या गाडीचं काम करणारे काका टायमिंग लावताना एक बारा व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी एवढंच वापरतात. त्यांचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात कामाला आहे, चांगल्या पगारावर. तो गॅरेजमध्ये येणार नाही आणि त्यानं यावं असं म्हणायचा मला काही अधिकारही नाही. पण याचा अर्थ असा, की काकांच्या हातात आहे ते त्यांच्याबरोबरच जाणार. तुम्ही गाडी दर महिन्याला त्यांच्याकडे नेलीत, शेजारी उभं राहून बघितलंत, हात काळे केलेत, तर त्यातलं थोडं तुमच्याकडे उतरेल. गाडी कव्हरखाली ठेवलीत तर काकांना काम नाही आणि तुम्हाला ज्ञान नाही. जुन्या गाड्यांच्या बाबतीत खरं पणाला लागलेलं आहे ते हे. पत्रा पुन्हा ठोकून मिळेल, ही माणसं पुन्हा मिळणार नाहीत.

तेव्हा महिनाभर शनिवार-रविवार फिरा. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चौकशी करा, भोसरी-पिंपरीकडे एखादा लेथवाला गाठा जो एकच बुश बनवून द्यायला कंटाळत नाही. आणि ज्या मिस्त्रींना तुमची आवडती गाडी माहीतच नाही, पण दुसरी एखादी पाठ आहे, तर खुशाल ती दुसरी घ्या.

दुसरा सल्ला सुट्या भागांचा. हेराल्डचे इंजिन, ब्रेक, सस्पेन्शनचे बरेच भाग स्पिटफायरशी जुळतात, म्हणून ते इंग्लंडमध्ये आजही नवे बनतात. कुरियर आणि कस्टम ड्यूटी भरली की येतात. पण चार दारांची हेराल्ड फक्त भारतात बनली. तिचं मागचं दार किंवा त्याची काच जगात दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. सौदा करताना हे लक्षात ठेवा. इंजिन खराब पण पत्रा आणि काचा पूर्ण असलेली गाडी ही इंजिन गोड पण अर्धे भाग गायब असलेल्या गाडीपेक्षा केव्हाही बरी. खिशात फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन जा. रंगावर ते चिकटलं नाही, तर खाली पुट्टी भरलीय. मग खाली वाकून चासी बघा, टोकदार काहीतरी घेऊन टोचून बघा. वरचा पत्रा बदलता येतो, पण चासीचे आडवे हात गंजले असतील तर दार उघडझाप करतानाच कळेल. टायरवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचा. त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. "टायर नवेच आहेत साहेब" या वाक्याची किंमत तिथे कळते.

तिसरा सल्ला कागदांचा. इथे आपण आयटीवाले फार गाफील असतो, कारण आपल्याला वाटतं सगळं ऑनलाइन आहे. पण बऱ्याच जुन्या गाड्यांची नोंद आरटीओच्या हाती लिहिलेल्या रजिस्टरात असते आणि 'वाहन' प्रणालीत ती चढलेलीच नसते. आधी ती बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, आणि ते काम विकणाऱ्याच्या गळ्यात घाला, पैसे देण्याआधी. चासी नंबर गाडीवर आणि आरसी बुकात अक्षर-अक्षर जुळवा. इंजिन नंबरही. कधीकाळी डिझेल महाग वाटत नव्हतं तेव्हा लोकांनी चांगल्या चांगल्या गाड्यांत डिझेल इंजिनं कोंबली आहेत, त्याची नोंद आरसीवर आहे का बघा. गाडी आजोबांच्या नावावर असेल आणि आजोबा नसतील तर फॉर्म ३१ लागतो, साध्या विक्रीला २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातून आणायची तर फॉर्म २८ची एनओसी. नोंदणी पहिली पंधरा वर्षं, मग दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण. त्यासाठी मोटारीला पूर्वी ६०० रुपये लागायचे, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीला १०,०००. शिवाय आपल्या राज्याचा पर्यावरण कर. आणि ती देखणी काळी, पांढऱ्या आकड्यांची नंबर प्लेट? ती घरात भिंतीवर लावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची आहे.

"मग विंटेज नोंदणी करू ना!" असं पुढचा माणूस लगेच म्हणतो. केंद्रानं जुलै २०२१ मध्ये हे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा मोटार यात बसते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं वैध, पुढे ५,००० रुपये. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, आधीचा नंबर असेल तर तो ठेवता येतो. ऐकायला छान आहे. पण अट अशी, की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, अशा गाड्यांना कायद्यात स्वतःची जागा मिळाली हेही बरंच झालं. पण माझं स्पष्ट मत आहे, की पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये. रविवारी सकाळी पोरांना मागे बसवून कासारसाई धरणापर्यंत जाऊन यायचं, हे ना प्रदर्शन ना संशोधन. तुमची साधी नोंदणी जिवंत असेल तर ती जिवंतच ठेवा, दर पाच वर्षांनी फीचा चिमटा सोसा. गाडी चालवायचा हक्क त्या दहा हजारांपेक्षा मोलाचा आहे.

आणखी एक मोह. हेराल्डचं छप्पर नटबोल्टनं बसवलेलं असतं, त्यामुळे ते काढून "स्पोर्ट्स" करायचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांनंतर कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, बंद गाडीचं छप्पर गेलं की बॉडीची ताकद जाते.

आता गाडी घरी आली. इथून पुढे निम्मे लोक एक ठराविक गोष्ट करतात. पहिल्याच महिन्यात ती डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे देतात आणि पार शेवटच्या स्क्रूपर्यंत सोडवून घेतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हा फुल रीराइट. नवा मॅनेजर येतो, चालू असलेली जुनी सिस्टीम बघून नाक मुरडतो आणि म्हणतो "पहिल्यापासून लिहू." त्या प्रोजेक्टचं पुढे काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको :) गाडीचंही तेच. सहा महिन्यांचे दोन वर्षं होतात, डब्यांतले स्क्रू हरवतात, वर्कशॉप जागा बदलतं, बजेट संपतं. शेवटी ऑनलाइन जाहिरात दिसते, "९० टक्के काम पूर्ण, वेळेअभावी विकणे आहे." उरलेले दहा टक्के म्हणजे सगळी वायरिंग आणि ट्रिम असते!

पहिलं वर्ष हे समजून घ्यायचं. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, कूलिंग, वायरिंग, याच क्रमानं खर्च करा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते आधी बदला. रबराचे सगळे पाइप बदला. बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवा, एक अग्निशामक सीटखाली ठेवा. हेराल्ड असेल तर पुढच्या सस्पेन्शनमधल्या ट्रनियनला ग्रीस न देता गिअर ऑइल द्या. हा भाग कोरडा पडून तुटला तर चाक आडवं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि एका वहीत तारीख, किलोमीटर, काय केलं ते लिहा. पॉइंट आणि कार्ब्युरेटर एकाच दिवशी छेडलेत आणि गाडी बिघडली, तर बग कुठल्या कमिटमध्ये आला ते देवालाही सांगता येणार नाही. खरेदीच्या किमतीच्या निम्मी रक्कम या वर्षासाठी बाजूला काढून ठेवा. ती नसेल तर खरेदी पुढे ढकला. रंगाचं सुचेल तेव्हा वही उघडून बघा.

पेट्रोलचं वेगळं सांगतो, कारण ही आत्ताची अडचण आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. त्याआधीच्या इंजिनात व्हॉल्व्ह सीट मऊ असू शकतात, हेड उतरवाल तेव्हा कडक सीट बसवून घ्या. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. ते जुन्या रबराला खातं, टाकीतली वर्षांची घाण सोडवून फिल्टरमध्ये आणतं आणि पाणी धरून ठेवतं. त्यात ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रणही पातळ होतं, म्हणून मिस्त्रींना सांगून कार्ब्युरेटरचा जेट तपासून घ्या. पाइप इथेनॉल सोसणारे घ्या. आणि अशा पेट्रोलनं भरलेली टाकी चार महिने पावसाळाभर तशीच ठेवू नका. थोडं भरा, वापरा, पुन्हा भरा. म्हणजे पुन्हा तेच. चालवा!

मारुंजीत राहणाऱ्यांसाठी दोन खास गोष्टी. एक, आपल्याकडे शेतं बिल्डिंगांखाली गेली, त्यांतले उंदीर-घुशी पार्किंगमध्ये आल्या. उभ्या गाडीची वायरिंग हे त्यांचं आवडतं जेवण आहे. दर आठवड्याला इंजिन सुरू होणाऱ्या गाडीत त्या घर करत नाहीत. दोन, मुळशीचा पाऊस. प्लॅस्टिकचं कव्हर घातलंत तर आत दमट राहून गाडी कव्हरखालीच गंजते. सुती कव्हर आणि वारा येणारी जागा बघा. पाऊस उघडला की पंधरा-वीस किलोमीटर, इंजिन नीट गरम होईपर्यंत चालवून आणा. पाच मिनिटं जागेवर सुरू ठेवून बंद करणं याचा उपयोग नाही, उलट सायलेन्सरात पाणी साठतं.

चालवताना मात्र भान ठेवा. ही गाडी घेऊन सोमवारी सकाळी हिंजवडीच्या जॅममध्ये शिरू नका. उभ्या उभ्या पेट्रोल पाइपातच उकळतं आणि गाडी चौकात बंद पडते, मग मागचे हॉर्न आणि तुमचं नशीब. रविवारी सातच्या आत निघा, नेरे-कासारसाई बाजूला जा, नऊला घरी. ताम्हिणीचा मोह होईल, पण आधी गाडी ओळखा. हेराल्डच्या मागच्या चाकांची रचना अशी आहे, की जोरात वळत असताना मध्येच ॲक्सिलरेटर सोडून ब्रेक दाबलात तर मागचं चाक आत दुमडल्यासारखं होतं. वेग वळणाआधी कमी करायचा. ड्रम ब्रेक आहेत, पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा. सीटबेल्ट नसतील तर बसवून घ्या, आणि तोवर पोरांना नेऊ नका. विमा काढताना पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत तुमच्या आणि कंपनीच्या संमतीनं ठरते, म्हणून फोटो आणि बिलं घेऊन जा, एजंट सांगेल त्या आकड्यावर मान डोलावू नका.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, चालवल्यानं गाडी झिजते, ओरचडते, किंमत उतरते. बरोबर आहे. पण मग मुदत ठेवच काढा, तिला पार्किंग लागत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. शहराची हवा आधीच वाईट, त्यात ही धूर ओकणारी गाडी कशाला? याचं माझ्याकडे संपूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणेन, की रोज ऑफिसला नेऊ नका, पीयूसी प्रामाणिकपणे काढा, धूर दिसला तर पुढच्या रविवारी आधी तो बंद करा. आणि नीट चालवली जाणारी गाडीच नीट ट्यून राहते. वर्षातून एकदा धक्का मारून सुरू होणारी जो धूर सोडते तो बघा एकदा.

तेव्हा निर्णय घ्यायचा एक सोपा नियम देतो. पंधरवड्यातून एक सकाळ काढून पन्नास किलोमीटर चालवणं आणि महिन्यातून एक शनिवार गॅरेजमध्ये उभं राहणं, एवढा वेळ पुढची पाच वर्षं तुमच्याकडे आहे का? कॅलेंडर उघडून खरं उत्तर द्या. नसेल तर घेऊ नका, ज्याच्याकडे वेळ आहे त्याला ती मिळू द्या. असेल, तर या शनिवारी गाडी बघायला जाऊ नका. एखाद्या जुन्या मिस्त्रींच्या गॅरेजात जा, चहा मागवा आणि ते काय करतायत ते बघत बसा.